झेलापलीकडचा लेव्हरॉक

2026 च्या ट्वेंटी-20 विश्वचषकात इटलीसुद्धा उतरली आणि लिंबूटिंबू संघांना मोठ्या स्पर्धेत घ्यावं का, हा जुना वाद पुन्हा वर आला. वाद निघाला की आपल्याकडे बर्म्युडाच्या ड्वेन लेव्हरॉकचा तो झेल आठवतोच. 19 मार्च 2007, पोर्ट ऑफ स्पेन. सतरा वर्षांच्या मलाकाय जोन्सचा सामन्यातला पहिलाच चेंडू, रॉबिन उथप्पाच्या बॅटची कड आणि स्लिपमध्ये सव्वाशे किलोंच्या आसपासच्या लेव्हरॉकनं उजवीकडे झेपावून एका हातात टिपलेला झेल. पुढे भारतानं 413 धावा कुटल्या, 257 धावांनी सामना जिंकला. आपल्या लेखी लेव्हरॉक तिथंच संपला.

हा त्याच्यावर अन्याय आहे. लेव्हरॉक मुळात डावखुरा फिरकी गोलंदाज होता, आणि चांगला होता. 32 एकदिवसीय सामन्यांत 34 बळी. विश्वचषकाआधीच्या सराव सामन्यात त्यानं इंग्लंडच्या पीटरसन आणि कॉलिंगवूडला बाद केलं होतं. भारताविरुद्ध दहा षटकांत 96 धावा गेल्या हे खरं, पण 89 वर खेळणाऱ्या गांगुलीला यष्टिचीत करवलं ते त्यानंच. फिरकी खेळण्यात गांगुली किती वाकबगार होता, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हे सगळं पोलिसातली नोकरी सांभाळून. कैद्यांची गाडी चालवणं हे त्याचं रोजचं काम.

कारकीर्द मात्र जेमतेम तीन वर्षांची. त्याचा दोष वजनावर टाकणं सोपं आहे, पण हिशेब वेगळाच आहे. बर्म्युडाला एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळाला 2006 मध्ये, तेव्हा लेव्हरॉक चौतिशीत होता. 2009 च्या पात्रता फेरीत संघ घसरला, दर्जा गेला आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. ऐन विशीत त्याच्यासाठी हे दार उघडलेलंच नव्हतं.

बर्म्युडा म्हणजे उत्तर अटलांटिकमधलं जेमतेम 53 चौरस किलोमीटरचं, साठ-पासष्ट हजार वस्तीचं बेट. कॅरिबियन समुद्रापासून बरंच दूर. पण क्रिकेट तिथं उसनं आणलेलं नाही. 1902 पासून सॉमरसेट आणि सेंट जॉर्जेस यांच्यात दरवर्षी दोन दिवसांचा ‘कप मॅच’ रंगतो. गुलामगिरीतून मुक्तीच्या स्मरणाशी तो जोडलेला आहे आणि त्यासाठी अख्ख्या बेटाला दोन दिवस सरकारी सुट्टी असते. क्रिकेटसाठी कॅलेंडरच थांबवणारा असा दुसरा देश मला तरी माहीत नाही. आपणही अजून तिथवर पोहोचलेलो नाही! एवढी जुनी परंपरा असलेल्या बेटाच्या वाट्याला एकदिवसीय विश्वचषक आला तो एकदाच, सोळा संघांच्या 2007 मध्ये.

नंतर ही स्पर्धा आक्रसत गेली. 2011 ला चौदा संघ, 2019 आणि 2023 ला फक्त दहा. एकतर्फी सामने नकोत, असं कारण दिलं जातं. पण त्या 2007 मध्ये पहिल्या फेरीतच बाहेर पडला तो आपला भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून. ते खापर बर्म्युडाच्या माथी मारता येणार नाही. 2027 ला पुन्हा चौदा संघ असतील. दोन यजमान आणि क्रमवारीतले आठ थेट आत, पात्रता फेरीतून येणार फक्त चार. नामिबिया तर सहयजमान, पण पूर्ण सदस्य नसल्यामुळे त्यालाही त्याच रांगेत उभं केलं आहे. या चार जागा निदान आठ तरी करायला हव्यात.