रविवारची वीस मिनिटे

खंडेनवमीच्या सकाळी बेळगावच्या कुठल्याही गल्लीतून एक चक्कर मारावी. दारोदारी मोटारसायकली धुऊन-पुसून उभ्या असतात. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचे बोट, पुढच्या चाकाखाली लिंबू. मराठी घरात ती खंडेनवमीची पूजा, कन्नड घरात आयुधपूजा. आणि ज्या घरात आजी एका भाषेत बोलते व नातवंडे दुसऱ्या, तिथे दोन्ही नावांनी एकच पूजा होते. अशा गाड्यांच्या रांगेतून जाताना माझी नजर सवयीने चाकांकडे जाते. माळ ताजी टवटवीत असते, पण कितीतरी टायर तळव्यासारखे गुळगुळीत झालेले असतात. ज्या आयुधाची आपण पूजा केली, त्याची धार मात्र पाहिली नाही, असेच म्हणायचे!

आपल्या भागातील मध्यमवर्गीय घरात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांना शाळेत सोडायचे, गिरणीतून पिठाचा डबा आणायचा, रात्री आजोबांना दवाखान्यात न्यायचे, खेड्यातील शेतावर जाऊन यायचे, ही सारी कामे तिच्याच जिवावर चालतात. मराठीत ती ‘गाडी’ आणि कन्नडमध्येही ‘गाडी’च. चाकात हवा भरायला एक जण ‘हवा मारा’ म्हणतो, दुसरा ‘गाळी हाक्रि’ म्हणतो. पंप मारणारा पोरगा दोघांचेही ऐकतो. एवढे काम करणाऱ्या या घरच्या सदस्याच्या वाट्याला आपला किती वेळ येतो, हा प्रश्न विचारण्यासाठीच हा लेखप्रपंच.

म्हैसूरची गाडी आणि अंगणातील कारखाना

ज्यांचे बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेले, त्यांना जावा आणि येझदीचा आवाज आठवत असेल. या गाड्या आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या कारखान्यात तयार होत. साठच्या दशकाच्या आरंभी सुरू झालेला तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच, ही त्या गाडीची खूण. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे आणि प्लगवर काजळी धरे. मग सुट्टीच्या सकाळी अंगणात पोते पसरले जाई, प्लग काढून पॉलिश पेपरने घासला जाई, कार्बोरेटर उघडला जाई. शेजारचे दोघे जण सल्ला द्यायला हजर असत. मुले पाना-पक्कड हातात देता देता नटबोल्टची नावे शिकत. घरोघरी अर्धा-मुर्धा मेस्त्री तयार होता, कारण त्याशिवाय गाडी चालतच नव्हती.

१९८५ च्या सुमारास १०० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. त्या कमी पेट्रोल पीत आणि सहसा बंद पडत नसत. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. आता सेन्सर आणि संगणक इंजिनाचा कारभार पाहतात. घरी बसून त्यात हात घालण्यासारखे फारसे उरले नाही, आणि घालूही नये.

इथेच एक गैरसमज रुजला. ‘आता घरी करण्यासारखे काही नाही, सर्व्हिसिंगला दिली की झाले,’ असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात इंजिन आपल्या हातून गेले, पण टायर, चेन, ब्रेक आणि दिवे आहेत तिथेच आहेत, आणि त्यांची झीज आजही जुन्याच वेगाने होते. इंजिन बंद पडले तर माणूस गाडी ढकलत का होईना, घरी येतो. ब्रेक लागला नाही, तर घरी येईलच असे नाही. जुनी पिढी अंगणात बसून जे करीत होती, त्यातले किचकट काम यंत्राने उचलले. जिवाचे काम मात्र आपल्याकडेच राहिले. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. सगळेच अपघात देखभालीअभावी होत नाहीत हे खरे. पण जो भाग आपल्या हातात आहे, तो तरी सोडू नये.

काय पाहायचे आणि कसे?

आठवड्यातून वीस मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा.

पहिले टायर. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. लांबून आल्यावर लगेच तपासली तर काटा जास्त दाखवतो. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा गाडीवरच्या स्टिकरवर छापलेले असते. मागच्या चाकासाठी दोन आकडे असतात, एकट्यासाठी एक आणि मागे माणूस बसणार असेल तर दुसरा. आपण नेमका हा दुसरा आकडा विसरतो. टायरच्या खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. उन्हाळ्यात तो कसाबसा चालतो. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात पाणी बाजूला सारायला खाचच उरलेली नसते, आणि गाडी पाण्यावरून घसरते.

दुसरी चेन. बऱ्याच साध्या गाड्यांना बंद चेनकव्हर असते आणि त्याला एक रबरी बूच असते. ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवून पाहावी. सर्वसाधारणपणे दोन ते तीन सेंटिमीटर ढील असावी; नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. चाक हाताने थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. फार सैल चेन दातावरून उतरते, फार घट्ट चेन बेअरिंग खाते. पावसात भिजल्यावर चेन कोरडी करून गिअर ऑइल किंवा चेनसाठी मिळणारे तेल सोडावे. इंजिनातून काढलेले काळे तेल वापरू नये, त्यात धातूची कीस असते. एक गोष्ट पुन्हा सांगतो: इंजिन चालू ठेवून, चाक गिअरमध्ये फिरवत चेन पुसायची सवय अनेकांना असते. चेन आणि दातांच्या मध्ये कापडाबरोबर बोट ओढले जायला क्षणही लागत नाही. चाक हातानेच फिरवा.

तिसरा ब्रेक. ड्रम ब्रेक असेल तर मागच्या दांड्याच्या टोकाला असलेला नट अर्धा-अर्धा फेरा आवळून ब्रेक जुळवता येतो. जुळवल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळता कामा नये. ड्रमवर एक छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो शेवटच्या खुणेपर्यंत पोचला, तर लायनर संपले. मग नट आवळत बसण्यात अर्थ नाही, मेस्त्रीकडेच जावे. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओला होतो आणि पुढचा ब्रेक ऐन वेळी दगा देतो. म्हणून पाण्यातून बाहेर येताच, मागेपुढे कोणी नसताना, हळू वेगात दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबून तो वाळवून घ्यावा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर तेलाचा थेंबही उडू देऊ नये.

चौथे दिवे. २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा आपोआप चालूच राहतो, त्यामुळे तो गेला तर लक्षात येतो. मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा. भिंत लाल झाली तर ठीक.

पाचवे इंजिनाचे तेल. पातळी किती असावी याच्या दोन खुणा काडीवर किंवा काचेवर असतात, त्यांच्या मध्ये तेल असावे. बदललेले जुने तेल गटारात ओतू नये. आपल्या गटारांचे पाणी शेवटी कुणाच्या तरी शेतात आणि विहिरीत जाते. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

पदर, ओढणी आणि मागचा माणूस

घरची गाडी म्हटली की मागे कोणीतरी बसणार. मागच्या माणसासाठी धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाच्या निम्म्या भागाला तरी आडोसा, या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी, १९८९ पासून, बंधनकारक केल्या आहेत. पण गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून घरातला मुलगा पहिल्याच आठवड्यात साडीगार्ड काढून टाकतो. त्या गाडीवर उद्या त्याची आईच बसणार असते. साडीगार्ड असले तरी पदर कमरेला खोचावा आणि ओढणीची दोन्ही टोके पुढे घेऊन बांधावीत. बुरख्याचा किंवा रेनकोटचा घोळही तसाच आवरावा.

कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले ते जानेवारी २०१६ पासून. चार वर्षांखालील मुलासाठी बांधायचा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये लागू झाले. तरीही शाळेच्या वेळी टाकीवर एक मूल, मागे दोन, आणि हेल्मेट आरशाला टांगलेले, हे दृश्य रोजचेच आहे. कायदा मागे एकच माणूस बसू देतो. दंडाच्या भीतीने हेल्मेट घातले तर ते चौकापुरते डोक्यावर राहते. घरातून निघताना आजीने ‘टोपी घातलीस का रे?’ असे विचारायला सुरुवात केली, तर मात्र ते कायमचे राहील.

एक रस्ता, दोन राज्ये

गाडी नीट असेल तर रविवारच्या फेरफटक्याचा आनंदच निराळा. आपल्या भागासारखे भाग्य फार थोड्या शहरांना लाभले आहे. तासाभरात जाऊन यायचे तर येळ्ळूरचा राजहंसगड आहे. सकाळ हाताशी असेल तर जांबोटीच्या रानातून कणकुंबी गाठावी, जिथे मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यानंतर गोकाकचा धबधबा आहे. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की शिनोळीत महाराष्ट्र लागतो. पाट्यांची लिपी बदलते. घाटातले धुके आणि चहाच्या टपरीवरचे बोलणे मात्र तसेच राहते. लायसन्स देशभर चालते. फक्त नोकरीसाठी कोल्हापूर-पुण्यात राहिलेल्या मुलाची एमएच गाडी इकडे कायमची आणली, तर बारा महिन्यांच्या पुढे ती तशीच वापरता येत नाही. ना-हरकत पत्र घेऊन इथे नोंद करावी लागते.

या रस्त्यांना त्यांचे हंगामही आहेत. पावसात चोर्ला आणि आंबोलीच्या वळणांवर शेवाळ आणि माती येते. सुगीत गावाजवळच्या रस्त्यावर मळणीसाठी पीक पसरलेले असते; त्यावर ब्रेक दाबला की चाक सरकते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्री दिव्याविना उभ्या असतात, आणि अंधारात उसाची मोळी आणि रस्ता यांतला फरक दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. शेतकरी आपलेच, ट्रॉल्या आपल्याच. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायला आपल्या घरापासून सुरुवात करता येईल.

शिकवायचे कुणाला?

आज आमच्या कॉलेजच्या आवारात मुलांइतक्याच मुली दुचाकीवरून येतात. पण गाडी कुरकुरू लागली, की मुलगी वडिलांना फोन करते आणि वडील मेस्त्रीला. वीस मिनिटांचे हे काम मुलाला शिकवताना मुलीलाही शेजारी बसवावे. स्वयंपाक जसा दोघांना यायला हवा, तशी हवा आणि ब्रेक तपासणेही. पाना धरायला लागणारी ताकद घागर उचलण्याहून अधिक नाही.

आपल्या रस्त्यांवर जागोजागी कन्नड पाटी दिसते, ‘निधानवागि चलिसि’. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. दुसरी पाटी सांगते, ‘अवसरवे अपघातक्के कारण’. कन्नडमधला अवसर म्हणजे घाई. मराठीत तोच शब्द सवड, संधी या अर्थाने येतो. दोन्ही भाषा घरात नांदत असल्याचा हा एक फायदा की त्या पाट्या आपल्याला दोनदा वाचता येतात. घाई टाळून रविवारी थोडी सवड काढली, तर सावकाश चालणारी गाडी घरचा ठेवा घरी सुखरूप आणते.