नोंदवहीबाहेरची माणसे (लेखांक ६)

सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली ज्यांच्या पाऊलवाटा गेल्या, त्या नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांचा आणि तेथवर औषधे नेणाऱ्या तरंगत्या दवाखान्यांचा विचार आपण मागील लेखांकात केला. तेथे वाट बुडाली होती, परंतु माणसे आपल्या ठिकाणी होती. आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ती माणसे वर्षातील पाच-सहा महिने ठिकाणावर नसतात, आणि म्हणूनच त्यांच्यापर्यंत औषधोपचार पोहोचविणे अधिक अवघड ठरले आहे.

दसरा उलटला की वेरूळच्या लेण्यांवरून कन्नडकडे जाणाऱ्या रस्त्याला ऊसतोडीच्या टोळ्या दिसू लागतात. अंथरुणे, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, एखादी शेळी आणि या साऱ्यांच्या वर बसविलेली मुले, असा संसार ट्रॉलीत भरून कन्नड तालुक्यातील तांडे-वस्त्यांवरची बिऱ्हाडे बाहेर पडतात. बीड जिल्ह्यातून तर गावेच्या गावे उठतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' कारखान्याला बांधलेला असतो, आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाच्या कडेला उभारलेली कोपी हेच मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचे घर असते.

आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था गाव हे एकक धरून रचलेली आहे. सपाट मुलखात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, गावागावांतून आशा कार्यकर्ती, गरोदर स्त्रीची नोंद, बालकाच्या लसींच्या तारखा, ही सारी रचना स्थिर वस्तीसाठी उत्तम आहे, आणि ती उभी करणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु जिची नोंद मूळ गावच्या दफ्तरी आहे ती गरोदर स्त्री सहाव्या महिन्यात शेकडो मैलांवरच्या फडात असते. मूळ गावची आशाताई तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारते, आणि फडाजवळच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत तिचे नावच नसते. दोन्हीकडचे कर्मचारी आपापले काम इमानाने करीत असतानाही ती बाई दोहोंच्या मधून निसटते.

ती तेथे काय करते ते पाहावे. पहाटे अंधारातच टोळी फडात उतरते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट सोलून मोळी बांधते, आणि गाडी भरावयाच्या वेळी ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. दिवस भरत आले म्हणून फळी रुंद होत नाही. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, धुण्यास पुरेसे पाणी नाही. आणि अंगावर दुखणे घेऊन कोपीत पडून राहावे तर खाडा पडतो व त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो.

या कोंडीतूनच तो प्रकार उद्भवला, ज्याने २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राला खाली मान घालावयास लावली. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी, ज्यांपैकी पुष्कळ साध्या औषधांनी बऱ्या होण्याजोग्या, त्यांवर 'पिशवी काढणे' हाच उपाय सांगितला जात होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येक ऐन तारुण्यातल्या होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढला गेला की पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ज्या कमरेच्या बळावर मोळी उचलायची ती कंबरच धरते. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेस जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविण्यात आली. तो बंदोबस्त हवाच होता. मात्र परवानगीच्या कागदाने दुखणे थांबत नाही.

याला उपाय काय, हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. बीडला लागूनच असलेल्या जामखेड येथे रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम आरंभिले, तेव्हा बाहेरून नेमलेल्या परिचारिका खेड्यांत टिकत नाहीत हे त्यांना लवकरच कळून आले. त्यांनी गावातल्याच, बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या स्त्रिया निवडल्या व त्यांना बाळंतपण, जुलाबावरचे मीठ-साखर-पाणी, बालकांचे वजन, कुष्ठरोगाची ओळख अशा गोष्टी शिकविल्या. जिच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते तिच्या हाती गावाने आपली बाळंतीण दिली. आल्मा-आटा येथे १९७८ मध्ये जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या या प्रयोगाची दखल घेतली होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माझे स्पष्ट मत असे की जामखेडने जे गावासाठी केले ते आता टोळीसाठी केले पाहिजे. टोळीतलीच एक समंजस बाई शिकवून तयार करावी, तिच्या पेटीत लोहाच्या गोळ्या, जलसंजीवनी, मलमपट्टीचे साहित्य असावे, आणि प्रत्येक बाईची नोंद दफ्तरात न राहता तिच्याबरोबर चालावी, म्हणजे ज्या उपकेंद्राच्या हद्दीत कोपी पडेल तेथील परिचारिकेला पुढचे काम हाती घेता येईल. बीडकडे या दिशेने पाऊल पडले आहे. परंतु ऊस जेथे तोडला जातो त्या जिल्ह्यांनी हे काम आपले मानल्याखेरीज ते पुरे होणार नाही.

म्हणून वाचकांपैकी जे कोणी साखर कारखान्याचे सभासद असतील त्यांना माझी विनंती आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने द्यावयाचे ठरलेले आहे. येत्या वार्षिक सभेत उठून उभे राहा आणि विचारा की आपल्या कारखान्याने ती रक्कम भरली काय, आपल्या गाळपक्षेत्रात कोप्या कोठे पडतात, आणि तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला त्यांची यादी कोणी दिली.