हॅब्सबर्ग घराण्याची प्रॉटेस्टंट सून

युरोपच्या इतिहासातली माझी एक लाडकी व्यक्तिरेखा : नासाऊ-वाइलबुर्गची राजकन्या हेन्रिएट.

१८१५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, तिचं लग्न ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक कार्लशी झालं. तो ४४ वर्षांचा, १८०९ च्या आस्पर्नच्या लढाईत नेपोलियनला मागे हटवणारा सेनानी. सासर म्हणजे कट्टर कॅथलिक हॅब्सबर्ग राजघराणं. पण हेन्रिएटने धर्म बदलला नाही. मुलं मात्र कॅथलिक म्हणूनच वाढली.

तेव्हाच्या व्हिएन्नात हे सोपं नव्हतं. १७८१ च्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली होती, पण अटी घालून : त्यांच्या प्रार्थनाघराला मनोरा नको, घंटा नको, रस्त्याच्या बाजूला दारही नको!

तरी तिने माहेरची एक रीत सासरी रुजवली. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट घरांत नाताळला मेणबत्त्यांनी उजळलेलं झाड असायचं. १८१६ मध्ये तिने ते व्हिएन्नातल्या आपल्या घरी सजवलं. हॅब्सबर्ग घराण्यात ख्रिसमस ट्री आणण्याचं श्रेय तिलाच दिलं जातं.

१८२९ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, लोहितांग ज्वराने ती गेली. प्रॉटेस्टंट स्त्रीला कॅथलिक राजघराण्याच्या दफनभूमीत जागा कशी द्यायची, असा प्रश्न उभा राहिला. सम्राट फ्रान्झ पहिला, म्हणजे तिचा दीर, तिच्या बाजूने ठाम राहिला.

व्हिएन्नाला गेलात तर कापुचिन चर्चखालच्या तळघरात, म्हणजे याच राजघराण्याच्या दफनभूमीत, तिची शवपेटी आवर्जून पाहा. तिथे विसावलेली ती एकमेव प्रॉटेस्टंट आहे.