मातीखाली झोपलेले बी

मुलांनो, शाळेच्या अंगणात जरा नजर टाका. झाडाच्या फांदीवर चिमणी बसली आहे. खाली एक दगड पडला आहे. कुंपणाजवळ गुरुजींची सायकल उभी आहे. कोपऱ्यात तुळस आहे. यांतले सजीव कोण आणि निर्जीव कोण?

चिमणी सजीव, हे तुम्ही लगेच सांगाल. ती उडते, दाणे टिपते, चिवचिव करते. दगड निर्जीव, हेही तुम्हांला ठाऊक आहे. पण तुळशीचे काय? ती तर दगडासारखी एकाच जागी असते. सायकल मात्र पायडल मारताच पळू लागते. मग सायकल सजीव आणि तुळस निर्जीव म्हणायची का?

जपान देशाच्या भाषेत याविषयी एक गंमत आहे. आपण म्हणतो, 'मांजर आहे', 'दगड आहे'. दोन्हींसाठी 'आहे' हा एकच शब्द. जपानी माणसे मात्र दोन शब्द वापरतात. मांजरासाठी 'इरु' आणि दगडासाठी 'आरु'. दोन्हींचा अर्थ 'आहे' असाच. माणूस, पक्षी, मासा यांच्यासाठी 'इरु'. पुस्तक, घागर, दगड यांच्यासाठी 'आरु'. आणि झाडासाठी? झाडासाठीही 'आरु'च! आपणहून इकडून तिकडे जात नाही, म्हणून बोलण्यात झाड दगडाच्या रांगेत जाऊन बसले.

पण झाड तर सजीव आहे. जपानमधील मुले हे शाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. तेथे पहिलीच्या वर्गात मुलांना एकेक कुंडी देतात. कुंडीत ती 'आसागाओ' नावाच्या वेलीचे बी लावतात. आसागाओ म्हणजे सकाळचा चेहरा. या वेलीची फुले सकाळी उमलतात, म्हणून हे नाव. मुले रोज कुंडीला पाणी घालतात. अंकुर कधी आला, पाने किती झाली, वेल काठीवर कशी चढली, हे पाहतात आणि त्याची चित्रे काढतात. वेल फुलते. फुलांच्या जागी बिया धरतात. मुले त्या बिया जपून ठेवतात.

यावरून सजीवांची लक्षणे आपल्याला कळतात. सजीवांना अन्न लागते. प्राणी अन्न खातात, तर हिरव्या वनस्पती उन्हात आपले अन्न स्वतः तयार करतात. सजीव श्वसन करतात. ते आतून वाढतात. स्पर्श, ऊन, थंडी त्यांना जाणवते. लाजाळूला बोट लावले, की ती पाने मिटते. शिवाय सजीवांपासून त्यांच्यासारखेच नवे सजीव निर्माण होतात. चिमणीला पिल्ले होतात, तुळशीच्या बियांतून नवी तुळस उगवते. सायकल पळते खरी, पण आपण पायडल मारले तरच. ती वाढत नाही. तिला पिल्लेही होत नाहीत!

आता एक अवघड प्रश्न. कुंडीत लावण्याआधी हातात घेतलेले ते बी सजीव की निर्जीव? ते हलत नाही, वाढत नाही, काही खात नाही. खड्याच्या शेजारी ठेवले, तर खड्यासारखेच दिसते. या प्रश्नाचे उत्तर देणारी एक खरी गोष्ट जपानमध्येच घडली.

जपानची राजधानी टोकियो. तिच्याजवळ चिबा नावाचे शहर आहे. तेथे केमिगावा या भागात जमिनीखाली काळ्या मातीचा जाड थर होता. फार पूर्वी पाणथळ जागी वाढलेल्या वनस्पती साचून, दबून हा थर तयार झाला होता. ही माती वाळवली, की जळणासाठी चालते. म्हणून लोक ती खणून काढत. १९४७ साली खणताना कामगारांना एक लाकडी होडी सापडली. झाडाचे एकच खोड कोरून ती बनवली होती. पुढे तेथे आणखी दोन होड्या आणि कमळफळांचे अवशेषही मिळाले.

ही बातमी इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कानावर गेली. ओगांनी आयुष्यभर कमळांचा अभ्यास केला होता. त्यांच्या मनात आले, 'येथे कमळे होती, तर त्यांच्या बियाही मातीत असतील. त्यांतली एखादी अजून जिवंत असेल का?'

३ मार्च १९५१ रोजी खणण्यास सुरुवात झाली. ओगा तेव्हा ६७ वर्षांचे होते. गावातील माणसे मदतीला आली. जवळच्या शाळेतील मुलेमुलीही आली. दिवसामागून दिवस गेले. माती उपसली जात होती, पण बी काही सापडेना. शेवटी दुसऱ्या दिवशी काम थांबवायचे ठरले. ३० मार्चची ती संध्याकाळ होती. तेवढ्यात एका शाळकरी मुलीला सुमारे ६ मीटर खोलीवरच्या मातीत एक बी मिळाले. ते कमळाचे होते! मग काम थांबले नाही. ६ एप्रिलपर्यंत आणखी दोन बिया सापडल्या.

या बिया किती जुन्या असतील? तेथे मिळालेल्या होडीचे तुकडे अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात तपासण्यासाठी पाठवले. लाकडातील कार्बन तपासून ते किती जुने आहे हे तेथील शास्त्रज्ञ सांगू शकत. त्यावरून बिया २००० वर्षांहून अधिक जुन्या असाव्यात, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला.

मे महिन्यात ओगांनी त्या तीन बिया आपल्या घरी रुजवायला घेतल्या. दोन बिया वाढल्या नाहीत. तिसरीने मात्र कोंब धरला. त्या मुलीला सापडलेलीच ही बी! कोंबाची पाने झाली. रोप वाढले. १८ जुलै १९५२ रोजी त्यावर मोठे गुलाबी फूल उमलले. जगभर ही बातमी गेली. त्या कमळाला 'ओगा कमळ' असे नाव मिळाले. पुढे त्याची रोपे जपानमध्ये ठिकठिकाणी आणि इतर देशांतही लावली गेली. १९९३ साली चिबा शहराने त्याला आपले फूल म्हणून मान दिला. आजही तेथील बागेच्या तळ्यात जून-जुलैमध्ये ही कमळे फुलतात.

एवढी वर्षे बी जिवंत कसे राहिले? कमळाच्या बीचे कवच फार कठीण असते. ते पाणी सहज आत जाऊ देत नाही. आत एक इवलेसे रोप असते आणि त्याची शिदोरी म्हणून अन्नही असते. पाणी मिळत नाही तोवर त्याचे जीवन अगदी मंद चालते. जणू ते झोपलेलेच असते. म्हणूनच आजही कमळाचे बी रुजवताना त्याचे कवच थोडे घासतात आणि मग ते पाण्यात ठेवतात.

आता त्या खड्ड्यात पुन्हा डोकावून पाहा. खड्ड्यातील दगडाला कधीच जीव नव्हता. तो निर्जीव. होडीचे लाकूड एके काळी जिवंत झाडाचा भाग होते. झाड तोडले आणि ते मृत झाले. आणि ते बी? ते दगडासारखे निपचित पडले होते, होडीच्या लाकडासारखे जुने होते, तरीही सजीव होते. न उगवलेल्या दोन बियाही तशाच दिसत होत्या. नुसते पाहून यातले काहीच कळले नसते. पाणी दिले आणि वाट पाहिली, तेव्हाच कळले.

तुम्हीही हे घरी करून पाहू शकता. एका वाटीत हरभरे घ्या, दुसरीत हरभऱ्याची डाळ आणि तिसरीत बारीक खडे. तिन्ही वाट्यांत पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काढून तिन्ही वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधा. दोन दिवसांनी फडकी सोडून पाहा. कोण जागे झाले?

शब्दार्थ
पाणथळ – जेथे नेहमी पाणी साचते अशी जागा
अवशेष – उरलेले भाग
तर्क – विचार करून केलेला अंदाज
शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न
निपचित – हालचाल न करता

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'आसागाओ' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) ओगा कमळाचे पहिले फूल कधी उमलले?
२. कारणे सांगा.
(अ) सायकल पळते, तरी ती निर्जीव आहे.
(आ) कमळाचे बी मातीत पुष्कळ वर्षे टिकले.
३. तीन गट करा : जिवंत, मृत, कधीच जीव नसलेले.
लाकडी पाट, मुंगी, वाळू, वडाचे झाड, वाळलेले पान, काच.
४. हरभरे, डाळ आणि खडे यांचा प्रयोग करा. काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा. डाळीला मोड आले का? का आले नसावेत?