हृदयातली चरबीची गाठ: काढायची की राखायची?

पाठीवर, दंडावर कातडीखाली सरकणारी मऊ गाठ अनेकांना असते. ती दुखत नाही, खुपत नाही. ‘चरबीची गाठ आहे, काळजी नको,’ म्हणून डॉक्टर घरी पाठवतात. वैद्यकीय भाषेत हिला लायपोमा म्हणतात. पण हीच गाठ हृदयात झाली तर?

असं क्वचितच घडतं. हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी मुळात दुर्मीळ. शवविच्छेदनांच्या पाहणीत त्या दहा हजारांत जेमतेम दोघांत आढळल्या. त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश साध्या, म्हणजे कॅन्सरच्या नसलेल्या. त्यांतही मिक्सोमा जास्त, लायपोमा बराच कमी.

लायपोमा पातळ वेष्टनात सावकाश वाढतो. बऱ्याचदा भलत्याच कारणासाठी केलेल्या इकोत तो अचानक दिसतो. ती चरबीच आहे हे एमआरआयमध्ये स्पष्ट होतं. त्रास होतो तो जागेमुळे. कप्प्याच्या आत वाढला तर रक्ताची वाट अडते, दम लागतो. स्नायूत रुतला तर ठोके अनियमित होतात, चक्कर येते.

ही गाठ औषधानं विरघळत नाही, वजन उतरवूनही जात नाही. त्रास देत असेल तर शस्त्रक्रियाच हवी. त्यासाठी सहसा छातीचं मधलं हाड उघडतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर सोपवतात आणि पोटॅशियमयुक्त द्रावणानं हृदय थांबवतात. या यंत्राच्या मदतीनं पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केली. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये डॉ. क्लॅरन्स क्राफूर्ड यांनी अशाच यंत्राच्या आधारे हृदयातला मिक्सोमा काढला. तिथून हा मार्ग खुला झाला.

लायपोमा शक्यतो वेष्टनासकट काढतात. कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं तर हृदयाच्या बाह्य आवरणाचा तुकडा ठिगळासारखा शिवतात. गाठ कॅन्सरची नाही ना, याची खात्री प्रयोगशाळेत होते. पूर्ण निघालेली गाठ सहसा परत येत नाही.

मात्र दिसलेली प्रत्येक चरबी कापायची नसते. उतारवयात, विशेषतः स्थूल व्यक्तींत, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात वेष्टनाशिवाय चरबी साठते. तिला सहसा हात लावत नाहीत. त्रास न देणाऱ्या छोट्या लायपोमावरही अनेकदा ठरावीक काळानं इको करून नजर ठेवली जाते.

तेव्हा रिपोर्टमध्ये ‘हृदयात गाठ’ वाचून धीर सोडू नका, आणि ‘चरबीच तर आहे’ म्हणून तो कपाटातही ठेवू नका. गाठ नेमकी कुठं आहे, वाढतेय का, रक्ताची वाट अडवतेय का, ठोक्यांत गडबड आहे का? हे चार प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. निर्णय त्यांच्या उत्तरांवरच ठरतो.