अर्धी शाळा स्पॅनिशमध्ये

अमेरिकेतल्या काही सरकारी प्राथमिक शाळांत पहिलीची मुलं सकाळी बेरीज-वजाबाकी स्पॅनिशमध्ये शिकतात. जेवणाची सुट्टी झाली की तीच मुलं शेजारच्या वर्गात दुसऱ्या बाईंकडे जातात आणि तिथे सगळं इंग्रजीत चालतं. निम्म्या मुलांच्या घरी स्पॅनिशचा गंधही नसतो. या पद्धतीला ‘ड्युअल लँग्वेज इमर्शन’ म्हणतात. टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही मूल पाच वर्षांचं झालं की हा पर्याय येतो. मग ओळखीपाळखीत विचारणा सुरू होते आणि माहितीपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त हाती लागतात.

पहिली ऐकीव गोष्ट म्हणजे, हा स्पॅनिशचा जास्तीचा तास असतो. तसं नाही. इथे स्पॅनिश हा नुसता विषय नाही, ते शिकण्याचं माध्यम आहे. काही शाळांत सुरुवातीला ९० टक्के वेळ स्पॅनिशला आणि १० टक्के इंग्रजीला असतो. इंग्रजीचा वाटा दरवर्षी वाढत चौथी-पाचवीपर्यंत निम्म्यावर येतो. काही ठिकाणी पहिल्या दिवसापासूनच निम्मं-निम्मं. यूटा राज्याने २००८मध्ये कायदा करून हा दुसरा प्रकार राज्यभर नेला, तोही स्पॅनिशसोबत चिनी, फ्रेंच अशा भाषांसाठी. आपल्याला इथे सेमी-इंग्रजी आठवतं, पण ‘टू-वे’ प्रकारात एक गोष्ट वेगळी आहे. तिथे स्पॅनिशभाषक आणि इंग्रजीभाषक मुलं मुद्दाम एका वर्गात बसवतात, दोन्ही गट किमान एक-तृतीयांश राहतील असं पाहतात. सकाळी एक गट दुसऱ्याला सांभाळून घेतो, दुपारी भूमिका बदलतात.

हे खूळ अलीकडचं, असंही म्हटलं जातं. पण मायामीतल्या कोरल वे शाळेत हा प्रयोग १९६३मध्येच सुरू झाला. क्यूबातल्या क्रांतीनंतर हजारो कुटुंबं तिथे आली होती. लवकरच मायदेशी परतू, अशी त्यांतल्या अनेकांची खात्री होती. मुलांची स्पॅनिश टिकवायची होती आणि तोवर इंग्रजीही हवी होती. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर ही द्विभाषिक शाळा उभी राहिली आणि इंग्रजीभाषक मुलंही तिच्यात आली. परतायचं राहून गेलं, शाळा मात्र टिकली. पुढचा रस्ता सरळ नव्हता. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८मध्ये ‘प्रपोझिशन २२७’ मंजूर करून द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधनं आणली आणि २०१६मध्ये ‘प्रपोझिशन ५८’ला मोठ्या बहुमताने कौल देऊन ती उठवली. मधल्या १८ वर्षांत स्थलांतरित मुलांची एक अख्खी पिढी बहुतांशी फक्त इंग्रजीत शिकून बाहेर पडली.

आता पालकांची झोप उडवणारा प्रश्न: इंग्रजी कच्चं राहील का? या भीतीत थोडं तथ्य आहे आणि ते लपवू नये. ९०:१०च्या शाळेत दुसरीतलं मूल इंग्रजी वाचनात शेजारच्या शाळेतल्या मुलापेक्षा मागे दिसू शकतं. ज्या भाषेत त्याला अजून फारसं वाचायला शिकवलेलंच नाही, तिच्यात ते मागे असणारच. प्रश्न पुढे काय होतं हा आहे. त्याचं उत्तर शोधणं अवघड, कारण अशा शाळा निवडणारे पालक मुळातच जास्त लक्ष घालणारे असू शकतात. मग मुलाचं यश शाळेचं की घराचं?

ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात हा पेच सुटला. तिथल्या अशा शाळांत जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून सोडत काढली जाते. सारख्याच हौसेच्या पालकांपैकी कुणाचं मूल आत आणि कुणाचं बाहेर, हे निव्वळ नशिबाने ठरतं. रँड या संशोधन संस्थेने सोडतीतल्या १,६०० हून अधिक मुलांचा माग काढला आणि २०१५मध्ये निष्कर्ष मांडले. सोडतीत जागा मिळालेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिन्यांच्या आणि आठवीत सुमारे नऊ महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे होती. गणित आणि विज्ञानात फायदा दिसला नाही, पण तोटाही दिसला नाही, आणि यातला बराच भाग ही मुलं दुसऱ्या भाषेत शिकली होती. यात स्पॅनिशसोबत जपानी, चिनी आणि रशियन शाळाही होत्या. इंग्रजी कच्चं राहतं, हा मुद्दा मला तरी यानंतर निकाली निघाल्यासारखा वाटतो. अट एकच, मूल टिकलं पाहिजे. दुसरीत घाबरून काढून घेतलं, तर मागे पडण्याचा काळ वाट्याला येतो आणि पुढचा लाभ हातून जातो.

दोन भाषांनी मुलं गोंधळतात, एका वाक्यात दोन्ही मिसळतात, म्हणून काहीजण कचरतात. मिसळतात हे खरं. पुण्या-मुंबईतली मोठी माणसंही मिसळतात आणि त्यांना कुणी गोंधळलेलं म्हणत नाही.

घरी कुणाला स्पॅनिश येत नसेल, तर गृहपाठ कसा घ्यायचा? शाळा मुळात हे गृहीत धरूनच चालते. शिवाय स्पॅनिश वाचायला सोपी आहे. पाच स्वर, प्रत्येकाचा जवळजवळ ठरलेला उच्चार. मुलं ‘मा, मे, मी, मो, मू’ असं म्हणत वाचायला शिकतात. बाराखडी घोकलेल्या आजीला ते ऐकून परकं वाटणार नाही. अक्षर आणि आवाज यांची सांगड एका भाषेत बसली की दुसरीत ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दोन भाषांखालची ही समान क्षमता १९८०च्या सुमारास मांडली होती.

गैरसमज कौतुकाच्या बाजूनेही आहेत. पाचवीनंतर मूल स्पॅनिश घरातल्या मुलासारखं बोलेल, ही अपेक्षा सोडलेली बरी. कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनवरच्या अभ्यासांत भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांना दिसलं की मुलांची समज उत्तम होते, पण बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षं राहतात. मैदानावर तर बहुतेक मुलं इंग्रजीतच भांडतात. दोन भाषांनी बुद्धी तल्लख होते, हा दावाही संशोधकांत वादाचा आहे; त्यासाठी म्हणून शाळा निवडू नये.

हे शिक्षण सगळ्यांना सारखंच लाभतं, असंही नाही. द्विभाषिक शिक्षणाच्या अभ्यासक ग्वादालूपे वाल्देस यांनी १९९७मध्येच इशारा दिला होता की शिक्षकांचं लक्ष इंग्रजीभाषक मुलांच्या सोयीकडे वळू शकतं. तसं अनेक शहरांत घडलंही आहे. सुखवस्तू घरातल्या मुलाने चार वाक्यं स्पॅनिश बोलली की टाळ्या पडतात आणि मेक्सिकन घरातल्या मुलाच्या दोन्ही भाषा कुणाच्या लेखी नसतात. पोर्टलंडमध्ये मात्र घरची भाषा आणि वर्गातली भाषा एक असलेली मुलं ‘इंग्रजी शिकणारी’ या यादीतून अधिक लवकर बाहेर पडली.

राहता राहिली मराठी. स्पॅनिशमुळे ती जाईल, हा आरोप चुकीच्या भाषेवर आहे. परदेशातल्या घरांतून मराठी जाते ती बहुधा इंग्रजीमुळे, आणि तेही आपणच मुलाशी इंग्रजीत बोलू लागतो तेव्हा. तिसरी भाषा मूल सहज पेलतं, पण तिला वेळ शाळा देणार नाही. तो घरातून आणि रविवारच्या मराठी शाळेतून द्यावा लागेल.

अर्ज करण्याआधी शाळेला दोन गोष्टी विचारा: हा वर्ग कितवीपर्यंत चालतो आणि पुढच्या इयत्तांना स्पॅनिशचे शिक्षक आहेत का. किंडरगार्टनच्या वेळीच ठरवा, कारण स्पॅनिश न येणाऱ्या नव्या मुलाला पहिलीनंतर बहुतेक शाळा या वर्गात घेत नाहीत.