भाईजान परीक्षेला बसतात

आमच्या घरात परीक्षा म्हटली की ती मुलांची. २०२३ साली मात्र मगरिबनंतर वही-पेन्सिल घेऊन अभ्यासाला बसू लागले ते आमचे भाईजान. वय एक्कावन्न, शिक्षण उर्दू माध्यमातून दहावी. मुंब्र्यात वीस-बावीस वर्षे घरांची दलाली करतात. एक टेबल, दोन खुर्च्या आणि चाव्या अडकवलेली खिळ्यांची फळी, एवढेच त्यांचे दुकान.

झाले होते असे की १० जानेवारी २०२३ रोजी महारेराने आदेश काढला. एजंट म्हणून नोंदणी करायची किंवा जुन्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे, तर आधी प्रशिक्षण घ्या, परीक्षा पास व्हा आणि प्रमाणपत्र आणा. ज्यांची नोंदणी आधीच होती त्यांना मुदत मिळाली, ती पुढे वाढून १ जानेवारी २०२४ झाली. वीस तासांचे प्रशिक्षण, मग संगणकावर एक तासाची परीक्षा. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, पास व्हायला ४०. (आम्हा मास्तर लोकांना हे जरा सैलच वाटले, पण भाईजानच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसलो.) माध्यम मराठी किंवा इंग्रजी. उर्दू नाही.

भाईजानचा कल इंग्रजीकडे होता. कारण विचारले तर म्हणाले, "ओसी, सीसी, कार्पेट, ब्रोकरेज, सगळं इंग्रजीतच तर बोलतो मी." बोलणे वेगळे आणि चार पर्यायांतून एक निवडण्यासाठी लांबलचक वाक्य वाचणे वेगळे. आम्ही मराठीचाच आग्रह धरला.

पहिल्याच संध्याकाळी पुस्तक मिटून ते म्हणाले, "ये मराठी नहीं है, संस्कृत है." त्यांचे अगदीच चुकत नव्हते. मग आम्ही एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे भाईजान न अडखळता वाचतील असे शब्द: दस्त, खरेदीखत, मुखत्यारपत्र, वारस, हक्क, कब्जा, हरकत, जप्ती, नकाशा, दाखला, नमुना. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीने शेकडो वर्षे आपल्या दप्तरात सांभाळले आहेत. जमिनीच्या कागदावरची जुनी मराठी उर्दू शिकलेल्या माणसाला परकी नाही, हे भाईजानना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. रकाना भरत गेला तसे ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

उजवा रकाना अवघड होता. विनियमन, प्रवर्तक, प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. हे शब्द पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता, ते फोडून दाखवावे लागले. 'हस्त' म्हणजे हात. हस्तांतरण म्हणजे या हातातून त्या हातात. 'मानीव' म्हणजे झाले असे मानलेले. बिल्डर सोसायटीच्या नावावर जमीन करून देत नाही, तेव्हा सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने ती दिली असे मानले जाते. "अरे, डीम्ड कन्व्हेयन्स!" भाईजान ओरडले. वीस वर्षे जे तोंडात होते त्याला आता मराठी नाव मिळाले.

चटई क्षेत्राने मात्र दोनदा फसवले. कार्पेट एरियाला मराठीत चटई क्षेत्र म्हणतात, आणि एफएसआयला म्हणतात चटई क्षेत्र निर्देशांक. एक तुमच्या घराच्या आतली जागा, दुसरे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचे माप. शिवाय रेरा कायद्यातली व्याख्याही नीट वाचावी लागते. घरातल्या मधल्या भिंतींची जागा चटई क्षेत्रात मोजतात. बाहेरच्या भिंतींची आणि बाल्कनीची मोजत नाहीत. भाईजान वर्षानुवर्षे 'सुपर बिल्टअप'च्या भाषेत घरे दाखवत आले. एका रात्री ते टेप घेऊन आमचेच घर मोजत बसले. किती भरले ते त्यांनी भाभीला सांगितले नाही.

तिसऱ्या आठवड्यात सराव म्हणून आम्ही एक प्रश्न काढला. १८ लाखांचे घर आहे, करार नोंदवलेला नाही, तर बिल्डर जास्तीत जास्त किती रक्कम घेऊ शकतो? भाईजाननी चटकन वीस टक्के लिहिले. तो १९६३ च्या मोफा कायद्यातला आकडा. रेराच्या कलम १३ प्रमाणे दहाच टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार.

आमच्या खालांच्या मुलाने २०१८ मध्ये भाईजानच्या ओळखीने अशाच १८ लाखांच्या घराचे बुकिंग केले होते. ५ लाख दिले, साध्या पावतीवर. प्रश्न काढताना हे आमच्या ध्यानात नव्हते, असे म्हटले तर ते पूर्ण खरे होणार नाही. इमारत तिसऱ्या मजल्यावर थांबली ती अजून तशीच आहे. त्या वेळी बिल्डर म्हणाला होता, "छोटा प्रोजेक्ट है, रेरा नहीं लगता." कायद्यात सूट आहे, पण ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत घरांना. इथे जमीन हजार मीटरच्या वर होती आणि घरे २८.

भाईजाननी पुढची पाने स्वतः उलटली. कलम १०: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर एजंटने विकायला मदत करू नये. कलम १८: प्रवर्तकाने वेळेत ताबा दिला नाही, तर खरेदीदाराला व्याजासह पैसे परत मागता येतात. कलम ३१: तक्रार प्रवर्तकाविरुद्ध करता येते, तशी एजंटविरुद्धही. ते शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचले आणि पाणी मागितले.

परीक्षेत त्यांना ७४ गुण मिळाले. निकालाच्या दिवशी भाभीने शीरखुर्मा केला. आता दुकानाच्या काचेवर 'ए'ने सुरू होणारा त्यांचा नोंदणी क्रमांक लावला आहे. कोणी नव्या इमारतीतले घर विचारायला आले की आधी प्रकल्पाचा 'पी'ने सुरू होणारा क्रमांक मोबाइलवर महारेराच्या संकेतस्थळावर उघडून दाखवतात. क्रमांक नसेल तर ते घर दाखवत नाहीत. धंदा थोडा कमी झाला आहे, हे भाभी सांगतात, भाईजान सांगत नाहीत.

त्या बुकिंगवर त्यांना १८ हजार दलाली मिळाली होती. ती त्यांनी तीन हप्त्यांत खालांच्या मुलाला परत केली. मागच्या इतवारी दोघे आमच्याकडे तक्रारीचा मसुदा लिहायला बसले होते. पावतीची तारीख, रक्कम, जागेचा पत्ता, बिल्डरचे नाव, सगळे लिहून झाले. तक्रार कोणाकोणाविरुद्ध, या ओळीवर भाईजान म्हणाले, "माझंही लिही." खालांच्या मुलाने पेन खाली ठेवले. तो मसुदा अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे, ती ओळ अर्धीच.